शिंजू आणि कळीवरचा मावा

एक होती शिंजू.

शिंजू म्हणजे शिंजीर पक्ष्याचं पिल्लू. इवलंसं. मुठीत बसेल एवढं. चोच मात्र लांब, बाकदार, सुईसारखी. त्या चोचीनं फुलातला मध प्यायचा.

शिंजूला पंख फुटले होते. नवे नवे. भुर्र भुर्र उडता यायला लागलं होतं. पण मध? मध तिनं आपला आपण कधी प्यायलाच नव्हता. आई भरवायची. आता आई घरट्यात नव्या अंड्यांवर बसली होती. तिला हलता येईना.

आई म्हणाली, "शिंजू, खाडीकाठी एक घर आहे. घराच्या अंगणात जास्वंद आहे. जास्वंदीला लाल कळी आहे. ती कळी तुझी. सकाळी उमलेल. पहिला मध आपला आपण पी हं."

सकाळ झाली. शिंजू निघाली. भुर्र भुर्र, भुर्र भुर्र.

अंगण आलं. जास्वंद आली. पण हे काय?

एक कळी खाली पडलेली. दुसरी कळी खाली पडलेली. पानं आकसलेली, चुरगळलेली. झाडावर एकच कळी उरली होती. लाल. मिटलेली. मान खाली घातलेली.

शिंजू फांदीवर बसली. म्हणाली,

"कळीताई, कळीताई, उमल ना!
शिंजूला मध मिळेना!"

कळी हळूच म्हणाली, "कशी उमलू गं? अंगात जीवच नाही. माझा रस मावा पितो. मावा उठला, तर मी उमलेन."

"आणि नाही उठला तर?"

कळीनं खाली पडलेल्या कळ्यांकडे पाहिलं.

शिंजूनं वाकून बघितलं. कळीच्या देठावर मावा. पानाखाली मावा. कोवळ्या शेंड्यावर मावा. हिरवे हिरवे किडे, तांदळाच्या कणीपेक्षा बारीक. एकाला एक चिकटून बसलेले. सगळ्यांची तोंडं देठात खुपसलेली. चुटू चुटू, चुटू चुटू.

शिंजू म्हणाली,

"मावा रे मावा, ऊठ ना!
कळी उमलेना,
शिंजूला मध मिळेना!"

सगळा मावा एकदम ओरडला, "आम्ही नाही जा! आम्ही नाही जा! रस गोड आहे. चुटू चुटू."

"मग कधी उठणार?"

"कध्धीच नाही! आम्ही कुणाला भीत नाही!"

त्यांच्यातला सगळ्यात छोटा म्हणाला, "ठिपकीला भितो की!"

"श्श! गप्प बस! सांगू नको!"

पण शिंजूनं ऐकलं होतं. ती उडाली. उडता उडता तिनं मागं वळून पाहिलं. कळी होती. अजून होती.

भुर्र भुर्र, भुर्र भुर्र.

अळूच्या मोठ्या पानाखाली ठिपकी बसली होती. ठिपकी म्हणजे कोण? छोटीशी भुंगी. गोल गोल पाठ. लाल लाल पाठ. पाठीवर काळे काळे ठिपके. म्हणून ठिपकी.

शिंजू म्हणाली,

"ठिपकीताई, ठिपकीताई, मावा खा ना!
मावा उठेना,
कळी उमलेना,
शिंजूला मध मिळेना!"

ठिपकी म्हणाली, "मी नाही जा!"

"का गं?"

"मला भूक लागलीय. पोट बघ माझं, चपटं झालंय. मावा मला आवडतो. खूप खूप आवडतो. पण झाडावर मुंग्या आहेत. त्या पहारा देतात. मी चढले, की पायाला चावतात. कडाक् कडाक्! मुंगी खाली उतरली, तर मी मावा खाईन."

शिंजू निघाली. मागं वळून पाहिलं. कळी होती. अजून होती.

भुर्र भुर्र, भुर्र भुर्र.

जास्वंदीच्या खोडावर मुंग्यांची रांग. खाली, वर. खाली, वर. तुरु तुरु, तुरु तुरु. रांगेत सगळ्यात पुढं एक काळी मुंगी होती. ती थांबायलाच तयार नाही. शिंजू तिच्या शेजारी शेजारी उडत म्हणाली,

"मुंगीताई, मुंगीताई, खाली उतर ना!
ठिपकी मावा खाईना,
मावा उठेना,
कळी उमलेना,
शिंजूला मध मिळेना!"

मुंगी म्हणाली, "मी नाही जा! मला काम आहे."

"काय काम?"

"मावा रस पितो. उरलेला रस थेंब थेंब सांडतो. तो आम्ही चाटतो. म्हणून मावा आमचा. आम्ही त्याला जपतो."

"खाली दुसरं काहीच नाही का खायला?"

मुंगी थांबली. पहिल्यांदाच थांबली. मिशा हलवल्या. म्हणाली, "होतं गं. पूर्वी होतं. त्या घराच्या पायरीवर लाडवाचा चुरा सांडायचा. दाण्याचा लाडू, गुळातला. रोज सांडायचा. मग सांडेनासा झाला. आम्ही पायरीवर वाट पाहिली. खूप वाट पाहिली. मग चढलो झाडावर. काय करणार? त्या घरातल्या आईनं लाडू वळला, तर मी खाली उतरेन."

शिंजू निघाली. मागं वळून पाहिलं. कळी होती. मान आणखी वाकली होती. पण होती.

भुर्र भुर्र, भुर्र भुर्र.

घराच्या दारात एक आई बसली होती. ती केतकीची आई. तिच्यापुढं परात होती. परातीत भाजलेल्या दाण्यांचा कूट होता. शेजारी कुटलेला गूळ होता. वर फडकं झाकलेलं होतं. आईचे हात मांडीवर होते. डोळे खाडीकडे होते.

शिंजू पायरीवर बसली. म्हणाली,

"केतकीची आई, केतकीची आई, लाडू वळ ना!
मुंगी उतरेना,
ठिपकी मावा खाईना,
मावा उठेना,
कळी उमलेना,
शिंजूला मध मिळेना!"

आईनं तिच्याकडे पाहिलं. हसली. पण हसू ओठांवरच राहिलं.

"अगं बाई, केवढीशी गं तू!" आई म्हणाली. "लाडू कुणासाठी वळू? लाडू खाणारी पलीकडे आहे. माझी केतकी. मावशीकडे गेलीय, बाबांबरोबर. बाळ बघायला. यायची होती ती. कूट केला, गूळ कुटला. आली नाही. आजही दिसत नाही."

"लाडू वळून ठेव की."

"वळवतच नाहीत गं. पहिला लाडू ती खाते. पायरीवर बसून. अर्धा तोंडात, अर्धा पायरीवर. तिच्याशिवाय कसला लाडू? केतकी आली, तर लाडू वळीन."

आईनं पुन्हा खाडीकडे पाहिलं.

शिंजूनंही पाहिलं. पाणीच पाणी. शिंजू कधी पाण्यावरून उडाली नव्हती. पाण्यात फांदी नसते. दमलं तर बसायचं कुठं?

तिनं मागं वळून पाहिलं. जास्वंद लांब होती. कळी दिसत होती. टिकलीएवढी. लाल.

शिंजूनं पंख झटकले. आणि निघाली.

भुर्र भुर्र, भुर्र भुर्र. खाली पाणी. भुर्र भुर्र, भुर्र भुर्र. अजून पाणी. पंख दुखले. भुर्र भुर्र, भुर्र भुर्र. अजून थोडं पाणी.

आला! पलीकडचा काठ आला!

तिथं धक्का होता. धक्क्यावर एक मुलगी बसली होती. पायात चपला. मांडीवर पिशवी. दोन वेण्या. तीच केतकी. बाबा मागं सावलीत उभे होते. केतकी समोरच्या काठाकडे बघत होती. तिथं एक घर होतं. ते इथून काड्यापेटीएवढं दिसत होतं.

शिंजू तिच्या पिशवीवर बसली. धापा टाकत म्हणाली,

"केतकी, केतकी, घरी ये ना!
आई लाडू वळेना,
मुंगी उतरेना,
ठिपकी मावा खाईना,
मावा उठेना,
कळी उमलेना,
शिंजूला मध मिळेना!"

केतकीचे डोळे मोठे झाले. "तू आईकडून आलीस?"

"हो."

"आईनं दाणे भाजलेत?"

"भाजलेत. कूट पण केलाय."

"गूळ?"

"कुटलाय."

"मग लाडू का नाही वळत?"

"तुझी वाट बघतेय."

केतकीनं पिशवी घट्ट धरली. "मला यायचंय गं! कधीची येऊन बसलेय मी. बाळ बघितलं. बाळाचा पापा घेतला. आता मला आई पाहिजे. पण होडी हलेना. होडी हलली, तर मी येईन."

शिंजूनं मागं वळून पाहिलं. अंगण दिसेना. जास्वंद दिसेना. कळी तर दिसेचना.

"आहे ना गं कळी?" शिंजू स्वतःशीच म्हणाली. "आहे. आहे."

भुर्र भुर्र, भुर्र भुर्र.

धक्क्याखाली होडी उभी होती. डुबुक डुबुक, डुबुक डुबुक. होडीवाला शिडाखाली आडवा झाला होता. शिंजू होडीच्या टोकावर बसली. म्हणाली,

"होडी गं होडी, हल ना!
केतकी येईना,
आई लाडू वळेना,
मुंगी उतरेना,
ठिपकी मावा खाईना,
मावा उठेना,
कळी उमलेना,
शिंजूला मध मिळेना!"

होडी म्हणाली, "मी नाही जा!"

"का गं?"

"माझं शीड बघ. कसं लोंबतंय. ओल्या फडक्यासारखं. त्यात वारा भरला, की ते फुगतं. ते फुगलं, की मी पळते. सर्र सर्र! मला किती आवडतं पळायला. आणि आता नुसती डुबुक डुबुक, डुबुक डुबुक. कंटाळा आला. वारा सुटला, तर मी हलेन."

"वारा कुठं राहतो?"

"खाडी जिथं समुद्राला मिळते ना, तिथं. सुरूच्या झाडांत."

"लांब आहे?"

होडी म्हणाली, "तुझ्यासाठी लांब आहे."

शिंजू उडाली. भुर्र... भुर्र... भुर्र... भुर्र... पंख जड झाले. घसा सुकला. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं. थेंबसुद्धा नव्हता.

सुरूची झाडं आली. उंच उंच. सगळी गप्प. एक काडी हलेना. खाली वाळूवर वारा निजला होता. अंगाचं मुटकुळं करून. डोळे उघडे.

शिंजू वाळूवर उतरली. म्हणाली,

"वारेदादा, वारेदादा, सूट ना!
होडी हलेना,
केतकी येईना,
आई लाडू वळेना,
मुंगी उतरेना,
ठिपकी मावा खाईना,
मावा उठेना,
कळी उमलेना,
शिंजूला मध मिळेना!"

वारा म्हणाला, "मी नाही जा!"

"का रे?"

वाऱ्यानं तोंड फिरवलं. "मी आलो की सगळे म्हणतात, दार लावा, वारा आला! खिडकी लावा, वारा आला! टोपी धरा, वारा आला! दोरीवरचे कपडे काढा, वारा आला! मला कुणी 'ये' म्हणत नाही. कुण्णी म्हणत नाही. मग मी कशाला येऊ?"

शिंजूनं पुढं पाहिलं. आता पुढं विचारायला कुणी नव्हतं. पुढं नुसता समुद्र होता.

तिनं मागं वळून पाहिलं. होडी दिसेना. घर दिसेना. काहीच दिसेना. मग तिनं डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांना कळी दिसली. लाल. मान खाली घातलेली.

शिंजू हळूच म्हणाली, "ये."

वाऱ्यानं कान टवकारले. "काय म्हणालीस?"

"ये ना, वारेदादा."

"खरंच?"

"खरंच. होडी तुला ये म्हणतेय. केतकी ये म्हणतेय. केतकीची आई ये म्हणतेय. मी पण म्हणते. ये. ये. ये."

तिचा घसा सुकला होता. आवाज बारीक होता. सुईच्या टोकाएवढा. पण वाऱ्यानं तो ऐकला.

वारा उठून बसला. एक सुस्कारा टाकला. सूं! सुरूची एक काडी हलली. सूं सूं! सगळी झाडं हलली.

"आलो!" वारा म्हणाला. "बस माझ्या पाठीवर!"

सूंऽऽऽ!

वारा सुटला! शिंजूला पंख हलवायलाच लागेनात. वारा तिला नेत होता. भुर्र भुर्र नाही. नुसतं सूंऽऽऽ!

वारा सुटला, होडी हलली. शीड फुगलं, गालासारखं. होडीवाला खाडकन उठला. "चला, चला, बसा!" बाबा बसले. केतकी बसली. सर्र सर्र, सर्र सर्र!

वारा पुढं गेला. त्यानं शिंजूला अंगणात उतरवलं. केतकीच्या घराची खिडकी वाजली. धाड! आई उठली. खिडकीशी आली. आता ती खिडकी लावणार?

नाही! आईनं खिडकी उघडली. सताड उघडली. "ये रे बाबा, ये! किती वाट बघायला लावलीस!"

वाऱ्याला इतका आनंद झाला, इतका आनंद झाला, की त्यानं दाण्यांची सालं घरभर उडवली. आणि आई रागावली नाही. ती अलीकडच्या धक्क्याकडे पळत सुटली होती.

वारा सुटला,
होडी हलली,
केतकी आली!

"आई!"

"आली गं माझी बाय!"

केतकी आईच्या कमरेला चिकटली. आईनं तिच्या वेण्यांवरून हात फिरवला. पुन्हा फिरवला. बाबा पिशवी घेऊन मागं उभे राहिले.

मग घर आलं. मग फडकं निघालं. मग आईनं कुटात गूळ मळला. वळला एक लाडू. गोल गोल. केतकी पायरीवर बसली. अर्धा लाडू तोंडात. अर्धा पायरीवर. भुरु भुरु, भुरु भुरु.

वारा सुटला,
होडी हलली,
केतकी आली,
आईनं लाडू वळला,
मुंगी उतरली!

तुरु तुरु, तुरु तुरु. काळी मुंगी पुढं. बाकीच्या मागं. सगळी रांग खाली. खाली, खाली, पायरीवर. "चुरा! चुरा! गुळाचा चुरा!" झाडावर एक मुंगी उरली नाही.

अळूच्या पानाखालून ठिपकीनं डोकं बाहेर काढलं. इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. मग निघाली. टुकू टुकू, टुकू टुकू. खोडावर चढली. फांदीवर चढली.

छोटा मावा ओरडला, "ठिपकी आली रे आली!"

मट्ट! ठिपकीनं एक खाल्ला. मट्ट मट्ट! आणखी खाल्ले. मट्ट मट्ट मट्ट! शेंडा मोकळा झाला. देठ मोकळा झाला. ठिपकीचं पोट गोल झालं.

पण थोडा मावा पानाखाली लपला. खूप आत, जिथं पान आकसलं होतं. चुटू चुटू, चुटू चुटू. ठिपकी म्हणाली, "माझं पोट भरलं. आता नाही मावत."

शिंजू घाबरली. आता काय करायचं?

तेवढ्यात केतकी जास्वंदीपाशी आली. तिनं पानाला हात लावला. "शी! आई, पान चिकट! बोटं चिकटली!"

आईनं पान उलटं केलं. खाली बघितलं. "अगं बाई! मावा! मी इकडे बघितलंच नाही इतके दिवस. खाडीकडेच बघत बसले."

आईनं रिठे आणले. कोमट पाण्यात भिजवले. केतकीनं चोळले. फस फस, फस फस. पांढरा पांढरा फेस झाला.

"आधी ही बाजूला बसू दे," आई म्हणाली. तिनं बोट पुढं केलं. ठिपकी बोटावर चढली. आईनं तिला तुळशीवर नेऊन ठेवलं. "ही आपली मैत्रीण. हिला पाणी लागायला नको."

मग रिठ्याचं पाणी. पानावर. पानाखाली. आकसलेल्या पानाच्या आत. फुस फुस, फुस फुस. आईनं एकेक पान पुसलं. केतकीनं एकेक पान पुसलं. मग साधं पाणी घातलं. झुळ झुळ, झुळ झुळ. मावा गेला. सगळा गेला. पानं हिरवी झाली.

वारा सुटला,
होडी हलली,
केतकी आली,
आईनं लाडू वळला,
मुंगी उतरली,
ठिपकीनं मावा खाल्ला,
मावा उठला,
कळी...

कळी?

कळी उमलली नाही. तशीच होती. मिटलेली. मान खाली घातलेली.

शिंजू फांदीवर बसली. कळीच्या अगदी जवळ. "कळीताई, मावा उठला. आता उमल ना."

कळी हळूच म्हणाली, "थांब गं. रस वर येतोय. मुळातून खोडात. खोडातून फांदीत. हळूहळू येतोय. थांबशील?"

"थांबेन," शिंजू म्हणाली.

संध्याकाळ झाली. केतकी घरात गेली. आईनं दिवा लावला. शिंजू थांबली. अंधार झाला. शिंजूनं पिसं फुगवली, मान आत घेतली. ती थांबली. तिला झोप लागली. झोपेतसुद्धा ती कळीकडेच तोंड करून बसली होती.

सकाळ झाली.

शिंजूनं एक डोळा उघडला. कळी नव्हती!

शिंजूनं दुसरा डोळा उघडला.

कळी नव्हती. फूल होतं! लाल लाल फूल! पाच पाकळ्या, मोठ्या मोठ्या. मधोमध लांब दांडी, तिच्यावर पिवळे पिवळे दाणे. मान वर. तोंड सूर्याकडे.

"ये गं," फूल म्हणालं. "कधीची वाट बघतेय मी."

शिंजू पुढं झाली. तिनं चोच आत घातली. लांब, बाकदार, सुईसारखी चोच. आत. आणखी आत. आणि लागला!

मध!

गार. पातळ. गोड. शिंजूनं एक थेंब प्यायला. डोळे मिटले. दुसरा थेंब प्यायला. आईनं भरवला नव्हता. कुणीच भरवला नव्हता. आपला आपण प्यायला.

खिडकीतून केतकीनं बघितलं. तिनं आईला बोलावलं. दोघी हळूच उभ्या राहिल्या. आवाज केला नाही. पाखरू उडून जाईल म्हणून.

वारा सुटला,
होडी हलली,
केतकी आली,
आईनं लाडू वळला,
मुंगी उतरली,
ठिपकीनं मावा खाल्ला,
मावा उठला,
कळी उमलली,
शिंजूला मध मिळाला!

शिंजूनं मान बाहेर काढली. कपाळाला पिवळी पिवळी पूड लागली होती. ती पुसायचं सोडून ती गायला लागली. चिवीत चिवीत, चिवीत चिवीत. मग पुन्हा चोच आत घातली.

मधाचा थेंब गोड गोड,
गोष्ट आता इथंच सोड.